माझ्या अंगातली दादाची माणसं

केशोरीच्या दवाखान्यात परवा रक्त तपासायला दिलं होतं. तपासणारी बाई एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात माझं जुनं ओळखपत्र धरून उभी राहिली. म्हणाली, "सर, इथं ओ पॉझिटिव्ह लिहून आहे, आणि रक्त तर बी पॉझिटिव्ह निघून राहिलं. कोणतं खरं?"

"दोन्ही खरं," मी म्हटलं. "ओळखपत्र माझं आहे. रक्त माझ्या भावाचं."

ती जराशी मागे सरकली.

भाऊ म्हणजे आमचा दादा. मागच्या उन्हाळ्यात गेला. दुपारी जेवून आंब्याखाली बाज टाकली, तोंडावर मफलर घेतला आणि झोपला, तो उठलाच नाही. त्याचं रक्त मात्र रोज सकाळी माझ्यासोबत उठतं, फटफटीवर बसून शाळेत येतं आणि माझ्या टेबलाशी बसून कारकुनी करतं. दादाला हे कळलं असतं तर म्हणाला असता, "माह्या रक्ताले नोकरी लागली गा बाबू, मले नाही लागली."

मी एका हायस्कुलात कारकून आहे. कमी बोलतो. कमी बोलणाऱ्याला लोक सज्जन समजतात आणि मी तो समज कधी मोडू दिला नाही. खरी गोष्ट अशी, की लहानपणी मी दादाला झिंगे खाऊ घातले होते. मुद्दाम, चोरून. तो मरता मरता वाचला. एवढं एक वाक्य मला त्याला सांगायचं होतं. शेजारच्या घरात राहणाऱ्या सख्ख्या भावाला एक वाक्य सांगायला माझे केस पांढरे झाले. शेवटी सांगितलं तेव्हाही धड सांगितलं नाही. त्याची गंमत पुढे येईलच. आधी दादा कसा होता ते सांगतो.

दादा उंच, काटक, उजवा कान थोडा दुमडलेला. गळ्यात बारमाही मफलर. थंडीत कोरडा, उन्हाळ्यात ओला. धानाची शेती करायचा. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की दंडारीत, आमच्याकडच्या नाचगाण्याच्या नाटकात, सोंग घ्यायचा. पण सोंगासाठी त्याला दंडार लागतच नव्हती. त्याला कुठली गोष्ट सरळ सांगताच येत नसे. तलाठ्याला भेटून आला की आधी तलाठी व्हायचा, मग तलाठ्याची करकरणारी खुर्ची व्हायचा, मग खिडकीत बसलेलं तलाठ्याचं मांजर. ऐकणारा हसून लोळायचा आणि सातबाऱ्याचं काय झालं हे कोणालाच कळायचं नाही. वस्तूंशीही बोलायचा. मोटारपंप सुरू होत नसला की त्याच्यासमोर उकिडवा बसून म्हणायचा, "काऊन गा, कोनी काई बोललं का तुले?"

गावानं त्याला तंटामुक्त समितीचा अध्यक्ष केलं ते बहुधा करमणुकीसाठी. पण त्यानं भांडणं खरंच मिटवली. त्याची पद्धत मी ओट्यावरून पाहिलेली आहे. एकदा धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या हद्दीवरच्या, मोहाच्या झाडावरून दोन शेजारी कुऱ्हाडीवर आले. झाड एकाच्या बाजूला, फुलं पडायची दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत. दादा पहिल्याकडे गेला. मोहाचं नाव नाही. म्हणाला, "चहा पाज गा." चहा झाला. "बिनदुधाचा? थांब, आनतो." रिकामा पेला घेऊन सरळ दुसऱ्याच्या घरी. "त्याच्याकडे चहा ठेवला हाये, दूध दे." दुसरा म्हणे, त्याच्या चहाला माझं दूध? दादा म्हणे, "मी पितो ना, थो कायले पिते?" दूध घेऊन आला, पहिल्याच्याही कपात ओतलं. मग साखर कमी पडली. पुन्हा पेला घेऊन पलीकडे. तिसऱ्या फेरीला दुसरा स्वतःच साखरेचा डबा घेऊन मागून आला, कारण पेल्यातून साखर सांडत होती आणि त्याची बायको ओरडत होती. दादा उठला. म्हणाला, "बसा, मले बैल पानीयावर न्याचे हायेत." आणि निघून गेला. मोहाचं काय ठरलं ते त्यानं विचारलंही नाही. पुढच्या वर्षी दोन्ही घरच्या बाया एकाच टोपलीत फुलं वेचताना दिसल्या.

अशा माणसाला झिंगे चालत नव्हते. आमच्याकडे तलाव ढीगभर, त्यामुळे झिंगेही ढीगभर. आणि दादानं एक झिंगा तोंडात टाकला तरी ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या. म्हणून आईनं घरात झिंगे शिजवणंच बंद केलं. माझा तर जीव झिंग्यांवर. मला वाटायचं, हे याचं आणखी एक सोंग. जो माणूस खुर्ची होऊ शकतो, त्याला ओठ सुजवणं काय कठीण? हे सिद्ध करायचं मी ठरवलं. मामाच्या घरून मूठभर सुके झिंगे आणले, पाट्यावर बारीक वाटले आणि दादाच्या ताटातल्या अंबाडीच्या भाजीत कालवले. अंबाडी त्याची सगळ्यात आवडती. आंबट भाजीत काही कळलं नाही. त्यानं बोटं चाटली.

मग त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. चेहरा असा फुगला की डोळे दिसेनात. बाबांनी त्याला बैलबंडीत घातलं आणि केशोरीच्या दवाखान्यात नेलं. मी मागे विहाराच्या ओट्यावर बसून राहिलो. तो मेला तर मी कोणाला काय सांगायचं, एवढाच विचार. तो वाचला. मी काहीच सांगितलं नाही. दवाखान्यात विचारलं, काय खाल्लं? आई म्हणाली, अंबाडी. त्या दिवसापासून अंबाडी गुन्हेगार ठरली. आईनं परसातली सगळी झाडं उपटून टाकली आणि दादाच्या ताटात मग वर्षानुवर्षं अंबाडी पडली नाही. दुसऱ्याच्या घरी ती भाजी दिसली की तो वास घ्यायचा, उसासा टाकायचा आणि म्हणायचा, "तुह्यामाह्यात जमलं नाही बाप्पा." भाजीशी बोलायचा. मी मान खाली घालून जेवायचो.

आमचं बोलणं बंद झालं ते मात्र वेगळ्याच कारणानं. एका मंडईत, भर दुपारी, दादानं दंडारीत माझं सोंग घेतलं. नाव घेतलं नाही, पण गरजच नव्हती. टेबलामागे बसलेला एक कारकून. मान वर करत नाही, लेखणी थांबवत नाही. दाखला मागायला कोणी आलं की म्हणतो, "उद्या." बाई बाळंत होते, कारकून म्हणतो, "उद्या." म्हातारा मरायला टेकतो, यमाचा दूत दारात येतो, कारकून त्यालाही म्हणतो, "उद्या." दूत कंटाळून परत जातो, म्हातारा उठून नाचतो. सगळी मंडई लोळली. माझी बायकोसुद्धा पदरात तोंड घालून हसली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत दाखला मागायला आलेला प्रत्येक बाप आधी मला निरखून बघायचा आणि हसू दाबायचा.

मी दोन घरांच्या मधल्या अंगणात बांबूचं कुंपण घातलं. बोलणं सोडलं. अशी काही वर्षं गेली. दादानं कुंपणाला पहिल्याच आठवड्यात एक भोक पाडलं. कोंबड्यांना सांगितलं, "तुमचं तं भांडन नाही ना? मंग जा."

आणि माझ्या हाडातली मज्जा वाळली. आधी थकवा आला, मग हिरड्यांतून रक्त, मग कुठंही न लागता अंगावर निळे डाग. नागपूरला नेलं. डॉक्टरीण तरुण होती, बोलताना हातांनी हवेत चित्रं काढायची. म्हणाली, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी संपत चालल्या आहेत, दुसऱ्याच्या आणून पेराव्या लागतील. "सगा भाऊ आहे का काका? त्याचं जुळू शकतं." मी म्हटलं, "नाही."

ती खोलीबाहेर गेल्यावर बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथं लिहीत नाही. मी तिला बजावलं, दादाला एक शब्द सांगायचा नाही. ती म्हणाली, "मी कायले सांगू? मी तं त्यायच्यासंग बोलतच नाही."

हे खरं होतं. आमच्यात नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा, आणि त्याला ती सुनबाई. त्याच्यासमोर डोक्यावर पदर, आणि थेट बोलणं नाही. पण एका अंगणात राहायचं तर काम अडतं. म्हणून ती नेहमी तिसऱ्याच कोणाला तरी सांगायची आणि दादा ऐकायचा. भिंतीला सांगायची, "पाऊस येऊन राहिला म्हनाव, धान झाका." दादा खांबाला सांगायचा, "झाकलं म्हना." इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, आणि दोघांना एकमेकांची खडान्‌खडा माहिती होती.

गावी येऊन तिनं शब्द पाळला. तिनं बकरीला सांगितलं. कुंपणाच्या भोकापाशी बकरीला पाला टाकत, मोठ्यानं, रडत रडत, रोगाच्या नावासकट.

पुढच्या आठवड्यात मी नागपूरच्या खाटेवर डोळे उघडले तर समोर मफलर. "मले बकरीनं सांगतलं," दादा म्हणाला. मी भिंतीकडे तोंड केलं. तो भिंतीला म्हणाला, "याले म्हना, मी याच्यासाठी नाही आलो. रक्ताची सुई टोचाले आलो. मले सुईचा शौक हाये."

त्याचं पूर्ण जुळलं. डॉक्टरीण खूश झाली. म्हणाली, सख्ख्या भावांतही इतकं नेहमी जुळत नाही. दादा म्हणाला, "म्याडम, आमचं आतून जुळते, वरून नाही जुळत."

त्याला पोटात सुया दिल्या. त्या सुयांनी मूळ पेशी हाडातली जागा सोडतात आणि रक्तात उतरतात. हाडं अशी ठणकायची की त्याला बसवत नसे. तरी वॉर्डात फिरून तो प्रत्येक नर्सची चाल करून दाखवायचा. मग यंत्राला जोडून त्या पेशी गाळून घेतल्या. मला काचेच्या बंद खोलीत ठेवलं होतं. पिशवी आली ती एवढीशी. टमाट्याच्या सारासारखी. काचेपलीकडून दादानं पाहिली आणि त्याचं तोंड पडलं. "एवढी हाडं दुखली अना एवढंच निंघालं?"

डॉक्टरीण हसली. म्हणाली, "काका, पुरतं. आता ह्या हाताच्या शिरेतून जातील आणि स्वतःच हाड शोधतील. रस्ता कोणी दाखवत नाही. हाडातून एक रसायन सुटतं, त्याच्या वासावर जातात."

"हाक मारते म्हना ना."

"हो, हाकच."

दादा काचेला नाक लावून त्या पिशवीला म्हणाला, "सरळ जा. हाक आली तं थांबा. लोकायच्या घरी चाल्लात, चपला बाहेर काढजा." मी झोपल्याचं सोंग केलं. घरात सोंगाड्या एकटा तोच नव्हता. पिशवी संपेपर्यंत मी डोळे मिटून पडलो होतो, कारण उघडले असते तर ते वाक्य बोलावं लागलं असतं. ज्याला मी मारायला निघालो होतो त्याचं रक्त थेंब थेंब माझ्यात उतरत होतं, आणि मी हलकं घोरूनही दाखवलं.

पेशी रुजल्या. पांढऱ्या पेशी वाढल्या. वॉर्डात पेढे वाटले. आणि मग माझी कातडी लाल झाली, भाजल्यासारखी सोलू लागली. पोट बिघडलं, बिघडलं ते थांबेना. डॉक्टरिणीनं दादाला समजावलं, तेव्हा मी खरोखर जागा होतो. ती म्हणाली, दादाच्या मूळ पेशींतून आता जे नवे पहारेकरी तयार झाले आहेत, ते भावाचं अंग परकं समजून राहिले. त्यांना वाटतं, चोर शिरला. म्हणून मारून राहिले.

दादा काचेपाशी आला. "बाबू, माह्या घरचे लोक तुह्या घरी जाऊन मारपीट करून रायले," तो म्हणाला. "मले लाज वाटून रायली." मग माझ्या पोटाकडे बघत आवाज चढवला, "अरे ए! हे आपलंच घर हाये! कोनावर हात टाकता? थो लहाना हाये आपला!"

माझ्या मनात आलं, दादा, ते बरोबर ओळखून राहिले. चोर शिरलाच आहे. तुझ्या रक्ताला कळलं, तुला नाही कळलं.

नेहमीचं औषध पुरेना. तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, एक दुसरा उपाय करून पाहू, कधी जमतो, कधी नाही. दुसऱ्या एका जातीच्या मूळ पेशी असतात, त्या रक्त बनवत नाहीत. त्या भांडणाच्या जागी जातात. गंमत म्हणजे भांडणाचा आवाज असल्याशिवाय त्या कामालाच लागत नाहीत. चिडलेल्या पेशी जी रसायनं सोडतात, तीच ऐकून त्या जाग्या होतात.

"मंग जाऊन मारतेत?" दादानं विचारलं.

"नाही ना काका. कोणालाच मारत नाहीत. शेजारी बसतात आणि बारीक बारीक पुड्या सोडतात. त्या पुड्यांत निरोप असतो. चिडलेल्या पेशीनं तो घेतला की ती हळूहळू नरमते. शिवाय, आजूबाजूच्या पेशींना शांत करणाऱ्या पेशी वाढतात."

"तोंडानं बोलतच नाही?"

"काही वेळा अंगाला अंग लावून सांगतात. पण जास्त करून आजूबाजूला निरोप सोडून देतात. ज्याला समजायचं त्याला समजतो."

दादानं मागे वळून माझ्या बायकोकडे पाहिलं. ती पदर पुढे ओढून कोपऱ्यात उभी. तो खिडकीला म्हणाला, "समजलं म्हना. बकरीसारखं."

बायको खिडकीलाच म्हणाली, "समजलं."

"अना मंग काम झालं की?" दादानं विचारलं.

"मग त्या टिकत नाहीत. थोड्या दिवसांत संपून जातात. शांतता मागे राहते."

दादानं मांडीवर थाप मारली. "म्याडम, हे तं तंटामुक्तीवाले हायेत! चहा पेतेत अना बैल पानीयावर न्याले निंघून जातेत!" मोहाच्या झाडाचा सगळा तंटा त्यानं तिला करून दाखवला, पेल्यासकट, साखरेच्या डब्यासकट. बाहेर पेशंट थांबले होते. ती डोळे पुसत म्हणाली, "काका, हे मी विद्यार्थ्यांना सांगणार."

माझ्या बाबतीत ते जमलं. हळूहळू कातडी शांत झाली, पोट थांबलं. घरी आलो तर कुंपण नव्हतं. दादा म्हणाला, कोंबड्यांनी नेलं.

बोलणं सुरू झालं म्हणजे काय, तर पाऊस, धान, डास. दादा मात्र माझ्या अंगातल्या त्याच्या लोकांची रोज खबर घ्यायचा. माझी हजामत होत असली की न्हाव्याला बजावायचा, "जपून गा, आत माही मानसं हायेत." निवडणुकीत म्हणाला, याच्यात अर्धा मी आहे, मले दीड मत पायजे. आणि तपासणीला नागपूरला गेलो तेव्हा डॉक्टरीण बोलता बोलता म्हणून गेली, की पेशींबरोबर कधीकधी देणाऱ्याच्या खाण्यापिण्याच्या खोडीही येतात. त्याला जे चालत नव्हतं ते घेणाऱ्याला चालेनासं होतं. क्वचित, पण होतं. मी दादाच्या डोळ्यांत पाहिलं आणि मला कळलं, आता माझी धडगत नाही.

डॉक्टरिणीची सगळी बंधनं उठल्यावर एका दुपारी तो द्रोण घेऊन आला. द्रोणात एकच झिंगा. तळलेला, तिखट लावलेला.

"एकच?" मी म्हटलं.

"आधी वळख तं पटू दे," तो म्हणाला आणि माझ्या तोंडासमोर मांडी घालून बसला.

मी खाऊ नये, हे मला कळत होतं. पण त्याच्या हातून झिंगा घेताना मला वाटलं, ही फेड आहे. खाल्ला. थोड्या वेळानं ओठ मुंग्या आल्यासारखे झाले. मग जड. दादा उडी मारून उभा राहिला. "वळखलं! माह्या लोकायनं वळखलं! सुनबाईले सांगा, वळखलं!" अंगणात नाचला. नाचता नाचता माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि जागीच थांबला. डोळे मिटत चालले होते. दुसऱ्या क्षणी त्यानं मला उचलून फटफटीवर मागे टाकलं, मफलरनं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि केशोरीच्या वाटेला लावली. वाटभर फटफटीला शिव्या आणि माझ्या रक्ताला विनवण्या. "बस झालं गा, वळखलं ना, आता सोडा त्याले. माही चूक झाली. मीच गाढव."

"माही चूक झाली" असं तो म्हणाला आणि मला राहवेना. मी त्याच्या दुमडलेल्या कानाला तोंड लावलं आणि सगळं सांगितलं. मामाचे झिंगे, पाटा, अंबाडी, विहाराचा ओटा, सगळं. फक्त ओठ भाकरीएवढे झाले होते. तोंडातून निघालं ते, "फफा, फी फुफे फिंफे…"

"बोलू नको!" दादा ओरडला. "जीव ठेव!"

दवाखान्यात सुई दिली. सूज उतरली. दादानं तिथल्या नर्सला माझं "फफा फी फुफे" करून दाखवलं, ती हसली. मी खाटेवर पडून वाट पाहत होतो की तो विचारेल, काय म्हणत होतास गा? त्यानं विचारलं नाही. आणि मला आता नीट बोलता येत होतं, तर मी बोललो नाही. मनाला समजावलं, सांगून झालं आहे. ऐकणाऱ्याला ऐकू आलं नसेल तर त्याला मी काय करू? कारकुनी मन असं चालतं. अर्ज दिला, पोच मिळाली नाही, तरी फाईल बंद.

दिवाळी झाली. आमच्या गावची मंडई आली. दुपारची दंडार, ढोलकी, तोंडाला पावडर फासलेले गावातलेच गडी. मी पुढे बसलो होतो, शेजारी बायको डोक्यावर पदर घेऊन. दादा आला तो कारकून होऊन. तेच टेबल, तीच लेखणी, तेच "उद्या". लोकांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी बसून राहिलो. खरं सांगायचं तर या वेळी मला हसू आलं.

मग त्या कारकुनानं खिशातून एक झिंगा काढला, खाल्ला, आणि दादानं गालात काय भरलं होतं कोण जाणे, त्याचे ओठ सगळ्यांसमोर फुगत गेले. तो टेबलावर चढून आकांतानं भाषण करू लागला. "फफा! फी फुफे फिंफे फांफफे!" लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. ढोलकीवाल्यानं ढोलकी थांबवून विचारलं, "काय म्हनून रायला गा हा?"

दादानं गाल रिकामे केले. लोकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि अगदी साध्या आवाजात, सोंग न करता, म्हणाला,

"म्हनते, अंबाडी निर्दोष हाये."

लोक आणखीच हसले. त्यांना वाटलं, काहीतरी बाष्कळ. सगळ्या मंडईत त्या वाक्याचा अर्थ आम्हा दोघांनाच माहीत होता. बायकोला नाही. मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. पण तिनं माझा चेहरा पाहिला, मग दादाचा. मग पदर सावरून, समोरच्या हवेला, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "उद्या अंबाडी करून राहिली म्हनाव. ज्याले याचं त्यानं यावं."

दादा ढोलकीला म्हणाला, "येतो म्हना."

त्यानंतरही आम्ही पुष्कळदा भेटलो, धान झालं, भांडणंही झाली. पण दादा म्हटलं की मला दुसऱ्या दिवशीचा दिसतो. कानामागे कालची पावडर तशीच. पाटावर मांडी घालून बसला. समोर भात आणि वाटीत अंबाडी. त्यानं वाटी उचलून वास घेतला. "लय दिवस लागले गा तुले," तो भाजीला म्हणाला. पहिला घास खाल्ला, डोळे मिटून बराच वेळ चघळला, आणि दाराला सांगितलं, "मीठ कमी हाये म्हना."

आतून भांड्यांचा आवाज झाला. मी म्हटलं, "राहू दे, मी देतो." उठलो, मीठ आणलं आणि माझ्या हातानं त्याच्या भाजीत टाकून कालवलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं. वाटी पुन्हा नाकाशी नेली. आधी एका बाजूनं वास घेतला, मग दुसऱ्या बाजूनं. बोटाच्या टोकावर एवढीशी घेऊन जिभेला लावली आणि थांबला, ओठ सुजतात का ते चाचपत.

मग डोळा मारला आणि सगळी भाजी भातावर ओतली.